बाकीचं कुठं जातं?

"शंभर म्हणले होते तुमचे पोरं. इथं तर अकराच येऊ लालंय. बाकीचं कुठं जातंय, तेवढं सांगा."

आमच्या कंपनीचं शंभराचं फायबर इंटरनेट घेतलेले काका चिडलेले नव्हते. चिडलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते इतक्या वर्षांत अंगवळणी पडलंय. हे चौकशीला बसल्यासारखे शांत होते, आणि त्यामुळं जरा जड गेलं. परभणीत वसमत रोडच्या आतल्या बाजूची वसाहत, मे महिन्यातली दुपार, कुलरच्या ओल्या वाळ्याचा वास, आणि टीपॉयवर एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं मांडलेला भागाकार. मुलीच्या लग्नाचं शूटिंग फोटोग्राफरनं ड्राइव्हवर टाकलेलं, ४० जीबी. चाळीस हजार एमबीला शंभरानं भागलं की चारशे सेकंद, म्हणजे सात मिनिटंसुद्धा नाहीत. लागला तासभर. आमच्या टेक्निशियननं येऊन दोनदा स्पीड टेस्ट करून दाखवली होती, ९४ आले होते, तक्रार 'निकाली' म्हणून बंदही केली होती. काका ती पुन्हा नोंदवायचे. खरं तर घरोघरी जाणं माझं काम नाही. मी प्लॅनिंगला बसते: ओएलटी, म्हणजे घराघरांचे तंतू जोडले जातात तो आमच्या बाजूचा डबा, कुठं ठेवायचा, कोणत्या खांबावर स्प्लिटर, म्हणजे एका तंतूचे वाटे करणारा तुकडा, एका पोर्टवर किती घरं. पण या तक्रारीचा नंबर रोज सकाळी यादीत वर दिसायला लागला तेव्हा म्हटलं, एकदा जाऊनच येऊ.

मी सांगितलं ते असं: काका, तुमच्या प्लॅनचे शंभर हे मेगाबिट आहेत आणि डाउनलोडच्या कोपऱ्यात दिसतात ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. शंभराला आठानं भागा. त्यांनी लगेच पेन्सिल उचलली, साडेबारा काढले, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "साडेबारा आले. कॉम्प्युटर ११.३ म्हणतोय." मग वरच्या सव्वाचाही हिशेब सांगितला. त्यांनी सगळा ऐकून घेतला, मधे तोडलं नाही. शेवटी पत्रिका घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरोबर असंल."

ते 'असंल' मला घरापर्यंत टोचत राहिलं.

कारण हिशेब खरंच पूर्ण लागतो, आणि मला तो मनापासून आवडतो. वायरीवरून मजकूर सलग धावत नाही, तुकड्या-तुकड्यांनी जातो. एका तुकड्यात १५०० बाइट. त्यातले ४० पत्ता, क्रमांक आणि पोचपावतीत जातात, उरले १४६०. तुकड्याभोवती इथरनेटचं स्वतःचं ३८ बाइटांचं वेष्टण असतं: आधी 'येतोय, सावध' अशी खूण, मग कोणाकडून कोणाकडं, शेवटी चूक तपासायचे चार बाइट, आणि त्यानंतर बारा बाइटांइतकी चक्क शांतता, जिच्यात कोणी काही पाठवायचं नाही. म्हणजे १५३८ ची जागा अडवून १४६० चा माल. टक्केवारी ९४.९. स्पीड टेस्टवर ९४ येतात ते इथून. शंभराच्या जोडणीवर शंभर दाखवणारी टेस्ट मला तरी संशयास्पद वाटते. हे ९४.९ आठानं भागले की ११.८७. आणि काकांचा कॉम्प्युटर एमबी मोजतो तो दहा लाख बाइटांचा नाही, १०२४ गुणिले १०२४ चा, म्हणजे १०,४८,५७६ चा. त्यानं भागलं की ११.३२. आलं कोपऱ्यातलं उत्तर, दशांशासकट. हा हजार आणि १०२४ चा घोळ मिटावा म्हणून आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९८ मध्ये किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं काढून दिली. परीक्षेपुरती आम्ही ती पाठ केली. ऑफिसात कोणी 'मेबीबाइट' म्हटलं तर चहाचा कप हातात धरून सगळे त्याच्याकडं बघत बसतील.

तर शंभरातलं काही कोणी चोरलेलं नाही. एक बिट इकडंतिकडं नाही. आणि तरी समोरचा माणूस 'बरोबर असंल' म्हणतो.

बिट आणि बाइट ही भानगड मुद्दाम कोणी फसवायला केलेली नाही, हे मी लोकांना सांगते तेव्हा त्यांना ते पटत नाही. पण काचेच्या तंतूत एका वेळी एकच गोष्ट घडते: प्रकाश आहे किंवा नाही. एकामागून एक. तंतूला बाइट ठाऊक नाही, गाणं ठाऊक नाही, लग्नाचं शूटिंग तर नाहीच. म्हणून वायरीवर काम करणारी माणसं पहिल्यापासून सेकंदाला किती बिट एवढंच मोजत आली. साठवणारी माणसं वेगळी. त्यांच्या कपाटाचे खणच आठ-आठाचे, म्हणून ती बाइट मोजतात. दोन्ही बिरादऱ्या आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. गाठ पडते ती नेमकी गिऱ्हाइकाच्या टीपॉयवर.

माझ्या तक्त्यातला सगळ्यात विचित्र दिसणारा आकडा २.४८८ आहे. जीपॉन म्हणजे आम्ही घराघरांत देतो ती फायबरची पद्धत. तिच्या एका पोर्टमधून घरांकडं जाणारा वेग २.४८८ गिगाबिट आणि घरांकडून येणारा १.२४४. जाताना प्रकाशाची तरंगलांबी १४९० नॅनोमीटर, येताना १३१०, त्यामुळं एकाच तंतूतून दोन्ही बाजूंची वाहतूक होते. विकणारे 'अडीच जी' म्हणून मोकळे होतात. पण सरळ अडीचच का नाही, हे मी नोकरीला लागले तेव्हा विचारलं होतं आणि सीनियर म्हणाले होते, "स्टँडर्ड आहे, तू फक्त भागत जा." पुढं कधीतरी उलगडा झाला. माणसाच्या बोलण्यातला कळण्यापुरता भाग टेलिफोनवाल्यांनी ३४०० हर्ट्झपर्यंत धरला. तो आकड्यांत उतरवायचा तर सेकंदाला त्याच्या दुपटीहून जास्त वेळा नमुना घ्यावा लागतो. त्यांनी ८००० वेळा ठरवलं. प्रत्येक नमुना आठ बिटांचा. आठ हजार आठे चौसष्ट हजार: एका माणसाचा आवाज म्हणजे ६४ केबीपीएस. मग सेकंदाला आठ हजार चौकटी हाच ताल धरून पुढची सगळी बांधणी झाली. नऊ ओळी, दोनशे सत्तर रकाने, प्रत्येक घरात एक बाइट, अशी चौकट सेकंदाला आठ हजार वेळा पाठवली की १५५.५२ मेगाबिट होतात. त्याची सोळा पट करा: २४८८.३२. आज ज्या पोर्टवरून वसमत रोडची बत्तीस घरं रात्री मॅच बघतात, त्याचा वेग असा बेहिशेबी दिसतो कारण त्याच्या मुळाशी जुन्या टेलिफोनवरचा 'हॅलो' आहे.

हे कळल्यावर मला सेलूचा एसटीडी बूथ आठवला. काचेची केबिन, आत पंखा नाही, आणि वर लाल आकड्यांचं मीटर. रात्री उशिरा दर पाव होत, म्हणून जेवणं आटोपून बाबा मला सोबत घेऊन जायचे. मुंबईच्या आत्याला फोन. बाबांचं लक्ष अर्धं आत्याकडं, अर्धं मीटरकडं. आकडा उडी मारायला आला की त्यांची वाक्यं आखूड व्हायची. "पाऊस नाही. आई बरी. ठेवतो." बाहेर बाकावर आणखी लोक, कोणाच्या घरी बाळंतपण, कोणाचा मुलगा पुण्यात इंटरव्ह्यूला. त्या केबिनीतल्या एका आवाजाला मधल्या एक्सचेंजांवर ६४ केबीपीएसची वाट लागत असणार. नुसता भागाकार केला तर माझ्या एका जीपॉन पोर्टात तसे ३८,८८० आवाज एका वेळी बसतात. मध्ये एकदा बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "एवढ्यांनी एकदम बोलायचं म्हणजे काय बोलायचं?" त्यांचा रोख माझ्याकडं होता की घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपकडं, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर सायबर कॅफे आले. बारावीचा निकाल मी परभणीत स्टेशन रोडजवळच्या एका कॅफेत पाहिला. मोडेमचं ते खरखर-किंचाळणं, मग एकदम शांतता, आणि पान वरून खाली इंचाइंचानं उतरणं. भिंतीवर पाटी होती '५६ के स्पीड'. कोपऱ्यात आकडा मात्र चारच्या आसपास रेंगाळायचा, फार तर पाच. मालकाला एकानं विचारलंही, छप्पन्नचे चार कसे. मालक म्हणाला, "लाइन खराब." तीही असेल. पण छप्पन्नाला आठानं भागलं की सातच येतात हे त्याला ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, कोण जाणे. तासाचे पैसे घेणाऱ्यानं बिट-बाइट कशाला समजावून सांगावं! सरकारी धोरणानं २००४ मध्ये २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं तेव्हा आम्हाला ते चंद्रावर गेल्यासारखं वाटलं होतं. २०१३ मध्ये तीच व्याख्या ५१२ वर गेली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर. हा २५६ चा आकडा मी जपून ठेवलाय, पुढं लागणार आहे.

काका पुन्हा भेटले ते राजगोपालाचारी उद्यानात, सकाळी चालताना. त्यांनीच हाक मारली. "मॅडम, तुमचा हिशेब मी घरी पुन्हा करून पाहिला. बरोबर आहे." मग माझ्याबरोबर चालत चालत म्हणाले, "मी पाटबंधाऱ्यात होतो. कालवा निरीक्षक. जायकवाडीचा डावा कालवा." आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. हा माणूस आयुष्यभर हेच करत होता. मोजत होता. एकीकडं वेग, दुसरीकडं साठा, आणि मधे भांडणारी माणसं.

"तुमचं शंभर म्हणजे क्युसेक," ते म्हणाले. "सेकंदाला किती वाहतं ते. माझं चाळीस जीबी म्हणजे टीएमसी, साठलंय किती ते. दोन्हीला लोक पाणीच म्हणतात, म्हणून घोटाळा." मराठवाड्यात हे कोणाला समजावून सांगायला लागत नाही. ऑगस्टमध्ये नाशिककडं पाऊस लागला की इथं चहाच्या टपरीवर पेपर उलगडून माणसं वाचतात, आवक किती हजार क्युसेक, धरण किती टक्के. कोणी दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरात, बोलतो, कोणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, आणि नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाचे, २१७१ दलघमी म्हणजे साडेशहात्तर टीएमसीच्या वर हे शाळा सोडलेला माणूसही सांगतो. काकांना तर पाढ्यासारखं पाठ: ११,५७४ क्युसेक चोवीस तास चाललं की एक टीएमसी. मी मोबाइलवर आमचा पाढा काढला. एक एमबीपीएस चोवीस तास चाललं की १०.८ जीबी. "हे सोपं आहे की," काका म्हणाले, "हे का नाही सांगत तुम्ही लोकांना?"

खरंच, का नाही सांगत? माझ्या तक्त्यात हा रकानाच नाही.

मग त्यांनी विचारलं ते मला कोणी कधी विचारलेलं नाही. "समजा रात्रभर मी काहीच वापरलं नाही. ते सकाळी मिळतं का?" मी म्हटलं नाही, गेलं. "म्हणजे धरण नाही." धरण नाही. नुसता कालवा. या क्षणाला वाहिलं नाही ते कुठंच साठत नाही, पुढच्या क्षणाला रिकामा कालवा नव्यानं समोर. काका थांबले. "मग तुम्ही महिन्याला ३३०० जीबी म्हणून काय देता? साठा तर नाहीच तुमच्याकडं." आता खरं सांगायचं तर बाजारात 'अमर्याद' म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी प्लॅनांखाली बारीक अक्षरांत हा ३३०० असतो. शंभर एमबीपीएस महिनाभर न थांबता चाललं तर ३२,४०० जीबी होतात. ३३०० म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्शाला जरा वर. उलटं केलं तर महिनाभराची सरासरी दहा एमबीपीएस आणि किंचित. शंभराचा कालवा, पण वर्षभर दहानंच वाहील या भरवशावर खोदलेला. मी हे बागेतल्या बाकावर बसून काकांना करून दाखवलं, आणि दाखवताना मलाच जरा कसंतरी झालं, कारण हे गणित मी उलट्या बाजूनं रोज करते आणि त्याला 'प्लॅनिंग' म्हणते. बत्तीस घरांना शंभर-शंभर दिले तर ३२०० होतात, पोर्ट २४८८ चा. वरची ७१२ आहेतच कुठं? कुठंच नाहीत. सगळे एकदम नळ सोडत नाहीत या माणसाच्या सवयीवर ती उभी आहेत. आणि बहुतेक वेळा उभी राहतात, हेही तितकंच खरं. भाबडेपणानं प्रत्येकाला पूर्ण शंभर राखून ठेवले तर बिल इतकं येईल की काकाच पहिले जोडणी तोडतील.

"हे आमच्याकडंही होतं," काका म्हणाले. "म्हणून तर शेजपाळी." आणि इथं मला आनंदानं टाळी वाजवावीशी वाटली, कारण घरांकडून येणारी वाहतूक अक्षरशः शेजपाळीनं चालते. बत्तीस घरांचा प्रकाश स्प्लिटरपाशी एकाच तंतूत शिरतो. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया. म्हणून ओएलटी प्रत्येक घरच्या डबीला पाळी लावून देतो: तू आत्ता, इतका वेळ, मग तू. त्याच्या हिशेबाची चौकट १२५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाला आठ हजार. पुन्हा तोच टेलिफोनचा ताल. आणि पाळ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून तो आधी प्रत्येक घराचं अंतर मोजून घेतो, कारण काचेतून प्रकाशाला एका किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात. वीस किलोमीटरवरच्या घराची हाक शंभर मायक्रोसेकंद उशिरा पोचते. तेवढा वेळ धरून दूरच्याला आधी आवाज द्यायला लावतात. मोजणीदार, चौकीदार, पाळीपत्रक, सगळं त्या एका डब्यात.

काकांनी ऐकलं आणि जुना प्रश्न काढला, जो त्यांच्या खात्यातला प्रत्येक माणूस काढेल. "टेलचं काय?" कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही हे मराठवाड्याचं जुनं गाऱ्हाणं. डावा कालवा २०८ किलोमीटरचा. पैठणहून निघालेलं पाणी परभणीच्या बाजूला येईतो वाटेत झिरपतं, उपसलं जातं, उन्हात उडतं. मी म्हटलं, टेलला वेग तेवढाच. त्यांचा विश्वास बसेना. मी सांगितलं, प्रकाश कमी होत जातो हे खरं. किलोमीटरला साधारण पाव-सव्वापाव डेसिबल, प्रत्येक जॉइंटला थोडा, आणि स्प्लिटर तर मोठा लचका तोडतो. बत्तीस वाटे म्हणजे पाच वेळा निम्मं, कागदावर १५ डेसिबल, प्रत्यक्षात सतराच्या आसपास. आमची पोरं घरी पॉवर मीटर लावून 'मायनस बावीस' म्हणतात ते एवढं सगळं जाऊन घरी पोचलेल्या प्रकाशाचं माप. पण मायनस सत्तावीसपर्यंत डबीला ते ऐकू येतं, आणि जोवर ऐकू येतं तोवर पहिल्या घराला आणि शेवटच्या घराला अगदी सारखा वेग. त्याखाली गेलं की चुका सुरू होतात, मग लाल लाइट. अर्धं पाणी, पाव पाणी असा प्रकार नाही.

"सारखं?" काका बराच वेळ गप्प चालले. "मग तुमच्याकडं लोक भांडायला कामून येतात?"

मी म्हटलं, काका, आमचं टेल ठिकाणाला नसतं, वेळेला असतं. रात्री नऊ वाजता. जेवणं झाली, मुलांचे लेक्चर, मोठ्यांची मॅच, सासूबाईंची सिरियल, सगळे एकदम. तेव्हा पहिलं घर आणि शेवटचं घर दोन्ही टेलला. यावर ते मनापासून हसले. आणि मग जे बोलले ते मी घरी येऊन लिहून ठेवलं. म्हणाले, "टेलचा शेतकरी यायचा, विचारायचा, साहेब किती पाणी सोडलं? आम्ही रजिस्टर काढायचो. हेडला इतके क्युसेक. आकडा खरा असायचा, सहीशिक्क्याचा. त्यो म्हणायचा, क्युसेक नका सांगू, माझं किती एकर भिजंल ते सांगा. ते आमच्या रजिस्टरात नव्हतं. मग त्यो म्हणायचा, बरोबर असंल."

मला काही उत्तर सुचलं नाही. उद्यानातलं कारंजं बंद होतं, कडेनं पोरं क्रिकेट खेळत होती, आणि काका एकदम घरगुती होऊन "ताई, तुमचं माहेर कुठलं" वगैरे विचारायला लागले. सेलू म्हटल्यावर त्यांना तिथली कालव्याची वितरिका आठवली, माझ्या शाळेचं नाव नाही.

त्यानंतर माझ्या टेबलावर एका तालुक्याच्या खेड्यांचा आराखडा आला. खेड्यांचं गणित शहरापेक्षा वेगळं. इथं अंतर मोठं, घरं थोडी, आणि काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. जमिनीतली केबल वर्षाला एकदा ओढली जाते आणि एकदा दाबली जाते. रस्ता रुंद करायला जेसीबी आला की उरलेलं तो करतो. म्हणून खांबावरून न्यायची की खणून न्यायची यावर आमच्याकडं जितकी डोकेफोड होते तितकी वेगावर होत नाही. वेगाचा रकाना भरलेलाच येतो. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढं तिचं नाव भारतनेट पडलं, आणि पंचायतीमागं १०० एमबीपीएस हे तिचं उद्दिष्ट. शंभर. पुन्हा शंभर. एरवी मी तो आकडा तसाच पुढं ओढला असता. त्या दिवशी मी शेजारी एक नवा रकाना घातला आणि शंभराला घरांनी भागलं. चारशे उंबऱ्यांचं गाव धरा. एका घराला ०.२५ एमबीपीएस. केबीपीएसमध्ये करा: २५०. म्हणजे २००४ च्या ब्रॉडबँडला सहा कमी.

हा भागाकार अन्यायाचा आहे, हे मला कळतं. चारशे घरं एकदम कधीच वापरणार नाहीत. मघाशी ज्या सवयीवर बत्तीस घरं उभी केली तिच्यावर चारशेही थोडीफार उभी राहतात, आणि पंचायतीपर्यंत आलेला तंतू उद्या जास्त वेगानंही चालवता येतो, काच तीच राहते, टोकाच्या पेट्या बदलायच्या. शिवाय ते शंभर मुळात शाळा, दवाखाना, पंचायतीचा संगणक यांच्यासाठी. सगळं खरं. तरीही 'गावाला १०० एमबीपीएस' आणि 'घराला २५० केबीपीएस' ही दोन वाक्यं एकाच गोष्टीबद्दल आहेत आणि त्यातलं एकच फलकावर रंगवलं जातं. दुसरं ऐकून सरपंच म्हणेल, मग आणखी एक तंतू पेटवा की. केबलमध्ये चोवीस असतात. पहिलं ऐकून तो टाळ्या वाजवेल. आराखड्याच्या बैठकीत मी दोन्ही रकाने ठेवले. वरिष्ठांनी दुसऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "हा कोणी मागितलाय?" कोणी मागितला नव्हता. पण काढायलाही सांगितला नाही, तेवढ्यावर समाधान.

शहरातल्या जोडण्यांबाबत मात्र रीतसर वाद झाला. माझं म्हणणं इतकंच की नव्या जोडणीच्या पावतीवर वेगाखाली एक ओळ छापावी: '४० जीबी उतरायला अंदाजे एक तास'. सेल्सच्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो चहा घेत होता. हुशार आहे, वाद घालताना चिडत नाही. म्हणाला, "ताई, आपण एक तास छापायचं, शेजारचा नुसतं शंभर छापणार. लोक म्हणणार ह्यांचं नेट स्लो आहे. दोघांचं सारखंच असलं तरी." याला माझ्याकडं तोड नव्हती, अजून नाही. खरं सांगणाऱ्याचं नेट स्लो दिसतं, ही अडचण गणितानं सुटणारी नाही. त्यानंच मग वाट काढली: पावतीवर नको, टेक्निशियनच्या हातात चिठ्ठी देऊ, जोडणी झाल्यावर तो देईल. म्हणजे पैसे भरून झाल्यावर, असं मी म्हटलं. "हां, तेव्हाच," तो म्हणाला, आणि दोघंही हसलो, पण मी जरा कमी.

चिठ्ठी छापली. एका बाजूला प्लॅनचा वेग, दुसऱ्या बाजूला एक सिनेमा, एक तासाचं लेक्चर, ४० जीबीचं लग्न, यांना लागणारा वेळ. १०० च्या प्लॅनला, ५० च्या, ३० च्या. खाली एक ओळ: 'रात्री नऊच्या सुमारास याहून जास्त वेळ लागू शकतो'. ही ओळ काढायला सेल्सनं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. पहिला गठ्ठा वाटून झालाय. तक्रारी कमी झाल्या की नाही ते अजून कळत नाही. एका बाईंचा फोन मात्र आला होता, की लेक्चरला चिठ्ठीत लिहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, तर आम्ही चुकून जास्तीचा प्लॅन लावलाय का आणि त्याचे पैसे नंतर मागणार का.

आता १० जीचं सामान यायला लागलंय. खोक्यावर दहा लिहिलंय, आतल्या कागदावर ९.९५३. मी चौसष्टनं गुणून पाहिलं, १५५.५२ गुणिले ६४, बरोबर येतं. सेल्सच्या मुलानं होर्डिंगचं डिझाइन पाठवलंय, त्यावर '१ जीबी स्पीड' असं मोठ्या अक्षरांत. मी फोन करून विचारलं, बिट की बाइट? तो म्हणाला, "ताई, जागा एवढीच आहे."